अंडी शाबूत राहिली, आत्या

आत्या, तू सोशिक नव्हतीस.

हे मला परवाच उभं राहून सांगायचं होतं. इगतपुरीच्या त्या हॉलमध्ये तुझा फोटो खुर्चीवर ठेवला होता. हार जरा मोठा आणला होता, त्यात तुझी हनुवटी झाकली गेली होती. पाच जण तुझ्याबद्दल बोलले आणि पाचांतल्या चौघांनी एकच शब्द वापरला. सरपंच म्हणाले, सोशिक. तुझ्याबरोबर काम केलेल्या बाई म्हणाल्या, सोशिक आणि हसतमुख. तुझ्या लेकाने, दिनेशने तर फ्लेक्सवरच छापून आणलं होतं, 'सोशिकतेची मूर्ती'. आणि ते जिल्ह्याहून आलेले साहेब! माइक दोन्ही हातांत धरून ते म्हणाले, "अठ्ठावीस वर्षांच्या सेवेत सिस्टरांनी एकदाही तक्रार केली नाही."

एकदाही!

तुझ्या कपाटात निळी फाईल आहे. तिचं नाव तूच ठेवलं होतंस, 'रडगाणं'. तुझ्या आरोग्य उपकेंद्राच्या गळक्या छताचा अर्ज तिच्यात आहे, बंद पडलेल्या फ्रिजचा आहे, वाडीच्या रस्त्यावरच्या तुटक्या मोरीचे तर सात आहेत. प्रत्येक अर्जावर पोचेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय तू ऑफिसातून हलायची नाहीस. त्यातले दोन याच साहेबांच्या टेबलावर गेले होते. तेव्हा ते तुला म्हणाले होते, "सिस्टर, तुम्ही फार तक्रारी करता बुवा." चष्मा नाकाच्या टोकावर आणून तू मला त्यांची नक्कल करून दाखवली होतीस. परवा त्यांचा चष्मा खरंच तिथेच होता, नाकाच्या टोकावर. मला हसूही आलं नाही.

मी उठलो नाही. सभेत भांडू नये, मोठ्यांना उलटून बोलू नये, हे शाळेपासून अंगात मुरलेलं आहे. पण खरं कारण ते नाही. खरं कारण लिहायला मला दोन दिवस लागले, आणि ते लिहिल्याशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही.

कारण दिनेशने मला एक काम दिलं आहे. उपकेंद्राच्या दारात तुझ्या नावाने दगडी बाक बसवायचं ठरलंय. बायका तपासणीला येतात, पोरं कडेवर घेऊन उभ्या असतात, त्यांच्यासाठी. त्यावर एक-दोन ओळी कोरायच्या आहेत. "तू ग्रॅज्युएट माणूस," दिनेश म्हणाला, "तूच लिही. फक्त सोशिक शब्द आला पाहिजे. सगळ्यांना आवडला तो." कारागिराला मजकूर रविवारी द्यायचा आहे.

मी कोरा कागद घेऊन बसलो आणि मला दोन स्प्रिंगा दिसायला लागल्या.

---

गाडी मामांची, दिनेशच्या बाबांची. दिनेशहून दोन वर्षांनी मोठी. मामा गेले तेव्हा दिनेश चौथीत होता, आणि तुझ्या उपकेंद्राखाली सहा वाड्या होत्या. लोक म्हणाले, बाईमाणसाने मोटरसायकल चालवायची म्हणजे काय, स्कूटर घ्या. तू म्हणालीस, "त्या कातळावर स्कूटर चालवून दाखवा, लगेच घेते." महिनाभरात शिकलीस. लसींची निळी पेटी टाकीवर ठेवायची, सायकलच्या जुन्या ट्यूबने आवळायची, की निघाली सिस्टर.

माझ्या घरातला मी पहिला पदवीधर. हे मी कुठेही सांगतो तेव्हा लोक वडिलांचं कौतुक करतात, आणि ते खरंही आहे. पण बारावीनंतर आमच्या ओसरीवर तू माझ्या बापाशी केलेलं भांडण त्यांनी पाहिलेलं नाही. "पोराला भाताच्या चिखलात उभा करायचा असंल तर खुशाल कर, रामा. पण मग मला राखी बांधायला बोलवू नको." दुसऱ्या दिवशी मी तुझ्या मागे बसून नाशिकला निघालो. घाटमाथ्यावरचा पाऊस तुला माहीत, छत्री म्हणजे चेष्टा. तू माझी मार्कशीट, दाखले, फोटो सगळं मागून घेतलंस आणि लशीच्या पेटीत ठेवलंस. बर्फाच्या पिशव्या काढून, आत कोरडा टॉवेल घालून. अॅडमिशनच्या खिडकीवर आम्ही दोघं नखशिखांत भिजलेलो, आणि पेटीतून निघालेले कागद कुरकुरीत. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "हे काय, डोस आणलाय का?" तू म्हणालीस, "हो. आमच्या घराला पहिलाच."

पहिल्या वर्षी कॉलेजात माझ्या 'लय' आणि 'नाय'ला पोरं हसायची. मी बोलणं घासूनपुसून घेतलं. दिवाळीला घरी आलो तेव्हा तू विचारलंस, काय खाणार? मी म्हणालो, "काही नाही." तू पदराने तोंड झाकून हसलीस. "काही नाही! शिकला गं बाई आमचा संतू. आता 'काही नाही'सुद्धा अख्खं म्हणतो."

'काय नाय' या दोन शब्दांशी तुझं उभं वैर होतं. मी एकदा दुपारी उपकेंद्रात तुझी वाट बघत बसलो होतो. एक बाई आली, दारातच उभी राहिली. तू विचारलंस, काय होतंय? ती म्हणाली, "काय नाय, सिस्टर."

"दोन डोंगर उतरून 'काय नाय' दाखवायला आली व्हय?"

ती लाजली.

"बैस. 'काय नाय' सोडून काय बी सांग."

ती बसली, आणि मग बोलत राहिली, बोलत राहिली. तू मला हातानेच बाहेर जायची खूण केलीस. ते वाक्य मी नंतर किती वेळा ऐकलं, याची गणती नाही. प्रत्येक बाईला तेच. बैस. 'काय नाय' सोडून काय बी सांग.

आणि अशा बाईला सोशिक म्हणतात! जिने सोसू नका हे सांगण्यात जन्म घालवला तिला!

---

गेल्या दिवाळीनंतर तू नाशिक रोडला माझ्याकडे आलीस. चहाचा कप उजव्या हातात धरला होतास आणि डावा हात मांडीवर ठेवला होतास. म्हणालीस, "संतू, पुढून लय दणका बसतो रे. डाव्या खांद्यात येतो. पार कोपरापर्यंत उतरतो."

मी विचारलं, "ब्रेक मारल्यावर, का खड्ड्यात?"

"दोन्हीत. कधी कधी उगाचच."

उगाचच. हा शब्द मी ऐकला, आत्या. कानाने ऐकला. मी अंबडच्या एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. दिवसभर सुटे भाग मापायचे आणि दोष असलेला बाजूला काढायचा, हीच माझी नोकरी. आणि मी तो शब्द बाजूला काढला नाही. मी चप्पल घालून खाली पार्किंगमध्ये गेलो.

गाडीचं हँडल दाबलं. धक्के झेलणारे पुढचे शॉकप असे खाली गेले जसं काही आत काहीच नाही, आणि तळाला 'खट्ट' वाजलं. मी खालूनच ओरडलो, "आत्या, स्प्रिंगा बसल्यात!"

मला आठवतंय, मला आनंद झाला होता. दोष सापडला की होतो तसा.

तू खाली आलीस. मी तुला समजावून सांगितलं. स्प्रिंग मोडली तर आवाज होतो, गाडी उभी राहते, कळतं. बसली तर कळत नाही. वर्षानुवर्षं थोडी थोडी आखूड होत जाते, आणि चालवणाऱ्याला वाटतं गाडी अशीच होती. तू लक्ष देऊन ऐकलंस. मग म्हणालीस, "त्यात काय एवढं. वर वायसर टाक दोन. इगतपुरीचा गॅरेजवाला पाइपाचा तुकडा टाकतो, ताठ होतंय."

"ताठ दिसतंय. बसलेल्या स्प्रिंगला टेकू दिला म्हणून तिच्यात जोर येत नाही. नवी पाहिजे. जरा जाड तारेची."

"जाड म्हंजी कडक?"

"थोडी."

"मंग नको. माझ्या बाटल्या फुटतील. माणसाला धक्का बसला तर चालतोय, लशीला नाय चालत."

इथून आपलं भांडण सुरू झालं ते तीन आठवडे चाललं. मी म्हणायचो, मऊ स्प्रिंग तळाला आपटते तोच खरा दणका. जरा कडक असली तर आपटणारच नाही. तू म्हणायचीस, तुझं गणित कागदावर, माझी पेटी कातळावर. मी म्हणालो, स्प्रिंग माणसाच्या वजनावर ठरते, तुझं वजन सांग. फोनवर तू उसळलीस. "बाईमाणसाला वजन इचारतो? इंजिनियर झाला का वैदू?" सगळ्या तालुक्याच्या गरोदर बायकांना काट्यावर उभं करणारी तू. शेवटी दुसऱ्या दिवशी मेसेज आला: 'छप्पन. पेटी, बर्फ, रजिस्टरं धरून सदुसष्ट. कुणाला सांगू नको.'

पुढच्या रविवारी आपण माप घेतलं. माझी स्टीलची पट्टी ऑफिसात राहिली होती. तू पिशवीतून पोरांच्या दंडाचा घेर मोजायची ती कागदी पट्टी काढलीस, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगाची. गाडी डबल स्टँडवर, पुढचं चाक अधांतरी, तेव्हा शॉकपचा चकचकीत पाइप किती उघडा राहतो ते आधी मोजलं. मग तू पेटीसकट गाडीवर बसलीस आणि मी पुन्हा मोजलं. नुसतं बसल्यावरच गाडी निम्म्याहून जास्त खाली गेली होती. तू वाकून पट्टीकडे बघितलंस आणि गंभीरपणे म्हणालीस, "लालमध्ये हाय. अतितीव्र कुपोषित. भरती करा."

आपण हसलो, आत्या. पार्किंगमध्ये दोघं पोट धरून हसलो. हसता हसता तू डाव्या खांद्यावर हात ठेवलास. मी पाहिलं. मला वाटलं, बघ, बिचारीला किती दणके बसले असतील.

---

स्प्रिंगा अंबडला स्प्रिंग वळणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून करून घेतल्या. तारेची जाडी नखाच्या कडेएवढी वाढवली. तेवढ्याने जोर केवढा वाढतो हे मी तुला वहीत काढून दाखवलं. तू म्हणालीस, "एवढं बारीक वाढून एवढा फरक? मंग माणसाचं बी असंल." मी म्हणालो, माणसाचं सूत्र नाही. आता वाटतं, तिथेच वही मिटून तुझ्याकडे बघायला हवं होतं.

बसवायच्या दिवशी मी वरचे बोल्ट सोडवले, तेलाने निथळणाऱ्या जुन्या स्प्रिंगा ओढून काढल्या आणि वर्तमानपत्रावर नव्याशेजारी ठेवल्या. जुनी बोटाच्या एका पेराने आखूड होती. तू उकिडवी बसून बराच वेळ बघत होतीस. "इतकी बसली होती?" म्हणालीस. "आणि चालतच होती की."

"चालतच होती," मी म्हणालो. "हाच तर घोळ असतो."

नवं तेल भरलं, बोल्ट आवळले. तू हँडल दाबलंस. गाडी खाली गेली आणि नीट वर आली. पण तुझी पेटीची शंका गेली नव्हती. तू वर जाऊन आमच्या फ्रिजमधली दोन अंडी घेऊन आलीस. लशीच्या पेटीत स्पंज असतो, त्यात ती उभी बसवलीस. "सोमवारी शेवटच्या वाडीपर्यंत नेते. मोरीवरनं. फुटली तर तुझं इंजिनियरिंग पाण्यात."

सोमवारी दुपारी दीड वाजता तुझा फोन आला. मी कँटीनमध्ये होतो.

"संतू, अंडी शाबूत!"

मी शेजारच्यांना ऐकू जाईल असा ओरडलो, "सांगितलं नव्हतं?"

"हरले बाबा. मोरीवर तर कळलंच नाय. आपटलं नाय, खट्ट नाय, काय नाय." आणि मग जरा थांबून म्हणालीस, "खांदा मात्र तसाच हाय."

गाडीचा दणका गेला आणि खांदा तसाच. हे वाक्य माझ्या टेबलावर कुणी तपासणीसाठी ठेवलं असतं तर मी एका मिनिटात सांगितलं असतं: मग दोष गाडीत नाही. शिकाऊ पोरगाही सांगेल. मी काय म्हणालो? मी म्हणालो, "तेल जाड पडलं असणार. रविवारी पातळ टाकून देतो."

आणि तू आलीस, आत्या. रविवारी, इगतपुरीहून, तो खांदा घेऊन. मी तेल बदललं. तू पायरीवर बसून होतीस. नेहमी तू शेजारी उभी राहून सतरा सूचना करायचीस. त्या दिवशी बसून होतीस. मी विचारलं, दमलीस का? तू म्हणालीस...

तू म्हणालीस, "काय नाय."

---

गुरुवारी लसीकरण उरकून तू उपकेंद्राच्या पायरीवर टेकलीस. मदतनीस बाईंना म्हणालीस, "जरा बसते." त्या पाणी घेऊन बाहेर आल्या तोवर तू गेली होतीस. डॉक्टर म्हणाले, हृदय. बऱ्याच दिवसांचं असणार. आधी खांदा, हात, जबडा दुखत असणार. काही बोलल्या नव्हत्या का?

तेव्हा तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांनी मान हलवली. नाही, बोलल्या नव्हत्या. फार सोशिक हो.

तिथे हा शब्द जन्माला आला, आत्या. मी तिथे होतो. सभेत तो फक्त मोठा झाला.

आणि म्हणून मला राग आहे. तू बोलली होतीस! तू मला बोललीस. तू दवाखान्यात जाऊन बोललीस. तिथल्या डॉक्टरांनी तुझा हात वर-खाली करून पाहिला, खांदा आखडलाय म्हणाले, मलम लिहून दिलं आणि म्हणाले, "या वयात मोटरसायकल कशाला चालवता, मॅडम?" तू मदतनीस बाईंना बोललीस, त्यांनी तुला तेल चोळून दिलं. जो जो भेटला त्याला तू सांगितलंस की दुखतंय, आणि प्रत्येकाने त्या दुखण्याला आपल्याला जमेल ते औषध दिलं. कुणी मलम, कुणी तेल, मी स्प्रिंग. तुझं दुखणं काय म्हणतंय हे विचारायला कुणी थांबलं नाही. आणि आता आम्ही सगळे मिळून तुला सोशिक म्हणतो, कारण तू बोललीच नाहीस असं ठरलं की आम्ही ऐकलं नाही हे कुणी म्हणणार नाही. किती सोयीचा शब्द आहे! हार घालायला तुझ्या गळ्यात, आणि सुटका आमची.

तुझ्यावरही राग आहे. सांगूनच टाकतो. उपकेंद्राच्या भिंतीवर तो तक्ता तूच चिकटवला होतास ना? छातीत, डाव्या हातात, जबड्यात दुखलं तर थांबू नका. तू तो बायकांना काठीने दाखवून समजावायचीस. तुला कळलं नसेल असं मला कुणी सांगू नये. की तुलाही ते स्प्रिंगवरच ढकलायचं होतं? स्प्रिंग बदलता येते म्हणून? माझा उत्साह बघून तुला वाटलं असेल, असेलही गाडीचंच, पोरगा एवढं म्हणतो तर. हे मला आवडत नाही. माझ्या शिक्षणावर तू इतका विश्वास ठेवायला नको होतास. ज्या शिक्षणासाठी तू भांडलीस, त्याने ऐन वेळी चुकीच्या जागी नेमकं उत्तर दिलं.

सभेत मी उठलो नाही त्याचं कारण हे. उठून 'ती बोलली होती' म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न आला असता, कुणाला? मला.

---

काल संध्याकाळी मी दिनेशच्या घरी गंगापूर रोडला गेलो. फोनवर बोलायची गोष्ट नव्हती. तुझी गाडी त्याच्या बिल्डिंगखाली उभी आहे. मी जाताना सवयीने हँडल दाबून पाहिलं. छान आहे. उत्तम काम झालंय. मला ते बघवलं नाही.

मी म्हणालो, "दिन्या, सोशिक नाही लिहिणार."

"मग काय लिहू, भांडखोर?"

"ते जास्त खरं आहे."

"संतोष, माझी आई गेलीय. लोक चांगलं बोलतायत, तर बोलू दे ना. तुला सगळ्यातच चूक काढायची असते. नोकरीची सवय."

मला बोलायचं होतं ते सगळं मी बोललो. खांदा, उगाचच, अंडी, जाड तेल, पायरी. तो टीव्हीच्या बंद पडद्याकडे बघत होता. मला वाटलं, आता हा मला घराबाहेर काढणार. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

मग तो म्हणाला, "मलापण सांगितलं होतं तिनं. तीनदा. मी म्हणालो, ती खटारा विक, मी स्कूटी घेऊन देतो."

"मी म्हणालो, स्प्रिंग बदलतो."

"म्हणजे आपण दोघांनी गाडीच बघितली."

"हो."

त्याने डोळे पुसले नाहीत, तसेच वाहू दिले. "ती म्हणाली होती, स्कूटीनं काय होणारे, मी दुसरं सांगतेय, तू दुसरंच ऐकतोय. मी रागावलो, फोन ठेवला." मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "सोशिक कुठली. चांगलं झापलं होतं तिनं मला."

तिथे, आत्या, माझा राग पहिल्यांदा थोडा खाली बसला. तू त्याला झापलं होतंस, हे ऐकून मला इतकं बरं वाटलं. तू शेवटपर्यंत तूच होतीस. मलाही झापायला हवं होतंस. मला का सोडलंस? मी वहीत गणितं काढत होतो म्हणून? मला त्याचं उत्तर मिळणार नाही आणि मी ते आता स्वतःच तयार करणार नाही. तयार उत्तरांनी आपलं काय झालं ते पाहिलंय.

मी खिशातून कागद काढला. दिनेशने वाचला. पुन्हा वाचला.

"हे बाकावर?"

"बाकावर."

"यात श्रद्धांजली कुठाय? नाव नाही, तारीख नाही."

"नाव कशाला? सहा वाड्यांत कुणालाही वाचून दाखव. कुणाचा आवाज आहे ते सांगतील."

तो ओठ हलवत तिसऱ्यांदा वाचत होता. "निदान शुद्ध तरी करू या. 'काही नाही' असं. दगडावर कायमचं राहणारे."

एके काळी मीच केलं असतं. मी म्हणालो, "एक काना-मात्रा बदलायची नाही. ती बोलायची तसंच."

आज रविवार. सकाळी आम्ही दोघं तुझ्याच गाडीवरून, तुझ्याच वाडीच्या रस्त्याने कारागिराकडे गेलो. दिनेश चालवत होता, मी मागे, कागद शर्टाच्या खिशात. वाटेत त्याने मान न वळवता विचारलं, "तुझं कसं आहे रे? झोप वगैरे?" ओठांवर आलं होतं ते मी गिळलं आणि खरं काय ते सांगितलं. मोरीवरून गाडी गेली तेव्हा आम्हाला कळलंसुद्धा नाही.

कारागिराने अक्षरं मोठ्याने वाचून खात्री करून घेतली. तू उपकेंद्राच्या दारात उभी राहून बोलायचीस तशी ती त्याच्या तोंडून निघाली:

बैस. 'काय नाय' सोडून काय बी सांग.